न्हाणीतला सकर

दिपक : थांबा तात्या, न्हाणीत जाऊ नका. पाय मागच्या दारी धुवा.

भीमातात्या : का ओ जावईबापू? जेऊरपस्नं उभ्यानं आलोय गाडीत. दोन तांबे अंगावर घेतो की.

दिपक : आत टबात मासा ठेवलाय. काल फिशटँकचा सांधा सुटला, हॉलभर पाणी झालं. तेव्हापासून आमच्याही आंघोळी मागच्या दारीच.

भीमातात्या : मासा? आन् मला भ्या दावताय व्हय! समदा जलम उजनीच्या पाण्यात गेला माजा.

दिपक : म्हणूनच म्हणतो, अगदी वेळेवर आलात. नवं जाळं घेऊन परत निघाल की ह्यालाही घेऊन जा, धरणात द्या सोडून. तुमच्या पुतणीला तेवढं समजावा.

चैताली : मला ऐकू येतंय बरं का स्वयंपाकघरात. माझं उत्तर कालचंच आहे. तात्या, आधी चहा घ्या, दार उघडू नका.

भीमातात्या : आगं बघू तर दे... आरारारा! चैते, ह्यो तर सकर!

चैताली : हो.

भीमातात्या : ह्यो घरात? आगं, इंचू पाळतं का कोण? ही बोटं बघ माजी. ह्येचे काटे आडकले की जाळं फाडल्याबिगर सुटत न्हाय. ओढून ओढून हात तुटायचं काम, आन् वर आलं की समदं सकर, तळाला इकायजोगी चार चिलापी मासळी. सकर इकत कोण घेईना, खात कोण न्हाय. नवं जाळं कशापायी घ्याया आलोय मी? ह्येच्यापायीच!

दिपक : म्हणजे... धरणात सोडायचा नाही?

भीमातात्या : सोडताय कुटं! त्यो बत्ता आना हिकडं. एका दणक्यात मिटवतो.

चैताली : तात्या, मी दारातून हलणार नाही.

भीमातात्या : पोरी, शेकड्यानं मारल्यात मी.

चैताली : ते तुमच्या जाळ्यातले. हा माझ्या हातचा. आणला तेव्हा बोटाएवढा होता. काचेवरचं शेवाळ खातो, एवढासाच राहतो, म्हणाला दुकानदार. आता हातभर झालाय.

दिपक : आणि तोच दुकानदार आता म्हणतो, एवढा मोठा परत घेत नाही, तळ्यात सोडा. सगळे सोडतात.

चैताली : सगळे सोडतात, म्हणून तर तात्यांची बोटं अशी झाली.

भीमातात्या : म्हंजी?

चैताली : उजनीत हे आले कुठून, काय वाटतं तुम्हाला?

भीमातात्या : वरनं. पुराच्या पाण्यात. कंच्या तरी लांबच्या नदीचं इघ्न आसल म्हनायचो आमी.

चैताली : नदी लांबचीच, समुद्रापलीकडची. पण आपल्या पाण्यात आले ते आमच्यासारख्यांच्या घरांतून. टँकमध्ये मावेना झाला की पिशवीत घालायचा नि ओढ्यात, तळ्यात सोडायचा. वर पुण्य केल्यासारखं वाटतं.

भीमातात्या : ...आमाला कुनी सांगितलंच न्हाय की गं हे.

चैताली : दिवाळीत मी आले होते ना, तेव्हा तुम्ही काठावर बसून जाळं कापत होतात. काकी शेजारी बसून डोळे पुसत होत्या. घरी आले आणि ह्याच्यासमोर बसून राहिले. ह्याला मारावं वाटेना, ह्यानं काय केलंय? पण ठरवलं, ह्या घरातून हा कुठल्याच पाण्यात जायचा नाही. जगेल तितका इथंच जगवायचा. आता दुकानात कुणी छोटा सकर घ्यायला लागलं की मी मोबाईलवर ह्याचा फोटो दाखवते.

दिपक : दुकानदार हिला बघितलं की शटर ओढायच्या बेतात असतो.

भीमातात्या : ओढंल न्हाय तर काय!

दिपक : मला पटतं हो तिचं. पण नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, टँक मोडलेला. टबातलं पाणी गढूळ झालंय. बघा, सारखा वर येऊन हवा गिळतोय.

भीमातात्या : गिळंल. लई चिवट जात. पर टबात किती दिस काडायचं त्येनं? त्यो टँक दावा मला.

चैताली : कशाला?

भीमातात्या : दाव तर... हं. काच शाबूत हाय की. सांदाच सुटलाय नुस्ता. होडी गळाया लागली म्हनून होडी टाकून देतो का आमी? जावईबापू, काचा चिकटवत्यात ते नळकांडं असतंय बगा...

दिपक : सिलिकॉन. आत्ता आणतो.

चैताली : तात्या, तुम्हाला उद्या सकाळी निघायचंय ना?

भीमातात्या : निगंन की. हे वाळल्यावर.

(दोन दिवसांनी. टँक पुन्हा जागेवर आहे, पाण्याने भरलेला.)

दिपक : टिपूसही गळत नाही, तात्या! मी दोनदा खालून हात फिरवून बघितला. ड्रम सगळा रिकामा केला, उद्या पाणी आलं नाही तर पारोसाच जाणार मी ऑफिसला.

चैताली : जाळी देऊ?

भीमातात्या : जाळी नगं, काटे आडकत्यात. वलं फडकं दे. आस्सं... गप रे बाबा, गप. हालू नगंस.

चैताली : तात्या, किती अवघडून धरलाय तुम्ही.

भीमातात्या : आजवर ह्येला धरला त्यो फेकायलाच. जपून धरायची सवं न्हाय.

दिपक : गेला! चिकटला बघा काचेला!

भीमातात्या : पाठ बग त्येची. चिलखत घातल्यागत. इतकी मारली, पर अशी कदी बगितलीच न्हाय.

दिपक : तात्या, काकींचा फोन.

भीमातात्या : दे... हां, बोल. उद्या येतो. कशापायी राहिलो म्हंजी? आगं, आपल्या चैतालीनं मासा पाळलाय. व्हय, जित्ता. कंचा ते आल्यावर सांगतो, आदी ऐक तर. आपन पिढ्यान् पिढ्या पाण्यातनं मासं काडत आलो. ह्या पोरीनं आपल्या पाण्यासाटी एक मासा घरात ठिवलाय... हां... व्हय, सांग की. समद्या काठाला सांग.