सासऱ्यांचं एक मिनिट

…आणि वर बटण म्हणून नाहीच हो कुठे! तुम्हाला सांगते, धुलाईयंत्र, ओव्हन, चर्चमधल्या ऑर्गनचा पंखा, सगळं मी बटणावर चालवलं. पण आमच्या नणंदेनं, गुंडुलानं, संगणकावर काय काढून दिलं, तर काळा पडदा आणि त्यात एक पांढरी रेघ… लुकलुक, लुकलुक. "वहिनी, इथे हुकूम टाईप करायचा." मी? हुकूम? या घरात मांजर माझं ऐकत नाही! पण म्हटलं, संत अंतोनी आहे.

काम काय, तर सासऱ्यांच्या व्हिडिओ डिस्क. ते गेले बिचारे. मिरवणुका, नाताळ, लग्नाची पन्नाशी, सगळं त्या डिस्कवर राहिलं, आणि आता त्यांवर बुरशीसारखे ठिपके यायला लागलेले. सासूबाईंचं नव्वदाव्या वाढदिवसाला एकच मागणं : "ह्यांचा आवाज ऐकव गं एकदा." मग मी नवस बोलले : सगळ्या डिस्क संगणकात उतरेपर्यंत केकला शिवणार नाही. बव्हेरियात, रविवारी दुपारी, केकशिवाय कॉफी! तुम्हीच विचार करा…

गुंडुला म्हणाली, "आधी साठ सेकंदांचा नमुना काढायचा. चित्र, आवाज बघायचा, मग अख्खी डिस्क." हुकुमाच्या शेपटाला तिनं साठचा आकडा लावला, नमुना निघाला, झकास! "आता वरचा बाण दाबलास की तोच हुकूम परत येतो. डिस्क बदल, फाईलचं नाव बदल, एंटर मार. पण एकेकीला तासभर लागेल हं!" असं म्हणून ती गेली. मी बाण, डिस्क, नाव, एंटर… बाण, डिस्क, नाव, एंटर… आणि काय सांगू, तास कसला, चुटकीसरशी! म्हटलं, संत अंतोनी आहे!

माझ्या नवऱ्याला, कोर्बिनियानला, दह्याचा रिकामा डबासुद्धा झाकण वेगळं केल्याशिवाय घरात बघवत नाही. "झालं? नक्की?" "झालं." की लगेच डब्या एका पेटीत, कागद दुसरीत, डिस्क तिसरीत, आणि स्वारी कचराकेंद्रावर! प्रार्थनेहून यावा तसा शांत चेहऱ्यानं परत आला.

नव्वदीला सगळे जमले. फाईल लावली. सासरे सणाच्या चामड्याच्या चड्डीत, कॅमेरा धरलेल्या शेजारच्या झावरकडे डोळे वटारून : "चालू झालं का? लाल दिवा लागलाय का? झावर, तुला विचारतोय! बंद कर ते, बिअर गरम होतेय…" खटकन काळं. दुसरी लावली. "चालू झालं का?…" खटकन काळं. तिसरी… चौथीतही तेच, फक्त अंगात कोट!

गुंडुला पांढरीफटक. "वहिनी… ते साठचं शेपूट काढलं नाहीस?"

"मी इतकं नीट वेगळं केलं होतं…" कोर्बिनियान पुटपुटला.

मला तर जमिनीत शिरावंसं वाटलं. सासूबाई डोळे पुसून म्हणाल्या, "पुढे काय होतं गं त्यात?"

"मिरवणूक… बँड… पाद्रीबाबांचं भाषण…"

"मग सुटलो. आमचे हे तरी याहून जास्त कधी बोललेत? परत लाव."

रोज लावतात. कॉफीच्या वेळी. लाल दिव्याला दरवेळी हसतात, आणि माझ्या वाटणीचा केकही त्याच खातात. कारण नवस काय होता? सगळ्या डिस्क उतरेपर्यंत. आणि त्या डिस्कच्या आता कुठेतरी वितळून बादल्या झाल्या असतील… हरवलेलं शोधून देतो म्हणतात, संत अंतोनी आहे. तोवर आपली नुसती कॉफी.