शॉवरखालचं पिंप

बाथरूमचं काम काढतोयस ना? मग चहा संपव आणि आधी माझं ऐक.

खांदा कॉलनीतल्या आमच्या घरात सकाळी जेमतेम पाऊण तास पाणी येतं. तरी मला शॉवर हवा होता, तोही काचेच्या आड, कारण खारघरला माझ्या साडूंकडे तसा आहे. बायकोने बजेट मांडलं, अगदी साबणदाणीपर्यंत सगळं लिहिलं. काच काही त्यात बसेना. मी म्हटलं, "केरळची सहल पुढच्या वर्षी करू." तिने लगेच यादीत काच लिहिली. तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.

तीन आठवडे धूळ खाल्ली. शेवटच्या दिवशी काच लागली. आमचा प्लंबर इथल्याच गावचा. हात पुसत म्हणाला, "दादा, काम झाला. पन पिंप कुठं ठेवाचा?"

पाणी साठवायचं आमचं मोठं निळं पिंप तोडफोडीच्या वेळी गॅलरीत गेलं होतं. यादीत ते कुणीच लिहिलं नव्हतं.

"राहू दे की गॅलरीत," मी म्हटलं.

"तिथं नळ नाय, दादा."

आता जागा एकच उरली होती.

परवा साडू आले. बाथरूममध्ये डोकावून म्हणाले, "काचेच्या आत पिंप? मग अंघोळ कुठे करता?"

मी कमोडच्या झाकणाकडे बोट दाखवलं.

मागून बायको म्हणाली, "तिथे बसून, तांब्याने. केरळच्या पैशांत पिंपाची सोय झाली ना!"