हारलनला घरावरून नेताना

(आयोवातलं हॅडली. ऑक्टोबरातली सकाळ. पुढे शववाहिनी, तिच्यात आर्डिथचा नवरा हारलन; ती चालवतोय म्हातारा ऑरिन. मागच्या गाडीत आर्डिथ, आणि गाडी चालवणारा तिचा मुलगा लोवेल. ऑरिनचा आवाज गाडीतल्या फोनवरून येतो.)

आर्डिथ : बघ, ही गाडीसुद्धा गेली. थांबायचं राहिलं, मेलीनं वेगसुद्धा कमी केला नाही.

लोवेल : आई, चारपदरी रस्ता आहे हा. समोरून येणाऱ्यांनी थांबावं असा काही नियम नाही.

आर्डिथ : नियम कधी होता रे? प्रेत दिसलं की गाडी कडेला घ्यायची, एवढं माणसांना आपलं आपण कळायचं. तुझ्या बापानं ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद केला होता. टोपी काढून उभा राहिला. आणि कुणासाठी? त्या क्लेटससाठी! जन्मभर कुंपणावरून भांडला होता ज्याच्याशी, त्याच्यासाठी.

लोवेल : ठाऊक आहे. मीच होतो ट्रॅक्टरवर, बाबांच्या शेजारी.

आर्डिथ : मग सांग ना या लोकांना. महापौर आहेस ना?

लोवेल : काय करू? काच खाली करून ओरडू?

ऑरिन : लोवेल, ऐकतोयस का? या गोल चक्करातून बाहेर कुठून पडायचं बाबा?

लोवेल : दुसऱ्या फाट्यानं, ऑरिन.

ऑरिन : दुसरा म्हणजे तो दवाखान्याकडचा? तो तर आत्ताच मागे गेला.

लोवेल : हरकत नाही, अजून एक फेरी घ्या. मी आहे मागे.

ऑरिन : घेतो. पूर्वी कसं, डोळे झाकून सांगायचो, बार्थच्या कोठाराशी वळा. आता ना बार्थ ना कोठार. हारलन गप्प आहे म्हणून बरं. एरवी एव्हाना स्टिअरिंग हिसकावून घेतलं असतं त्यानं.

आर्डिथ : हसवू नकोस रे ऑरिन. आज नको.

ऑरिन : चुकलं. बोललो नाही की रडू येतं मला, म्हणून बडबडतोय.

आर्डिथ : लोवेल, मागे कोण आहे आपल्या? लोइसमावशीची गाडी दिसत नाही.

लोवेल : सिग्नलला रांग तुटली. आपण दोघे सुटलो, बाकीचे अडकले.

आर्डिथ : मग ही मागची पांढरी?

लोवेल : पार्सलवाला आहे.

आर्डिथ : अरे देवा! हारलनच्या मागे पार्सलवाला!

लोवेल : पाद्रीबाईंना फोन झाला माझा. त्या सगळ्यांना घेऊन सरळ दफनभूमीत जातायत. आई, एक बोलू? आपणही तिकडेच जाऊया. चर्चच्या तळघरात जेवण मांडून बसल्यात बायका. लोक थंडीत उभे राहणार. आणि जुन्या घराच्या जागी आता बघण्यासारखं काही राहिलेलं नाही.

आर्डिथ : बघायला नाही चाललो आपण. त्याला न्यायला चाललोय.

लोवेल : बाबा स्वतः कधी गेले नाहीत त्या बाजूला. जमीन विकल्यापासून एकदाही नाही.

आर्डिथ : नाहीच गेला. दूध आणायलासुद्धा लांबच्या रस्त्यानं जायचा, ती घरं दिसू नयेत म्हणून. आणि शेवटच्या आठवड्यात, नळ्या लावलेल्या असताना, माझं मनगट धरून म्हणाला, 'जाताना घरावरून ने.' दुसरं काही मागितलं नाही. मी हो म्हटलंय, लोवेल. लग्नात म्हटलं त्यानंतर इतकं मनापासून मी त्याला कशालाच हो म्हटलेलं नाही.

लोवेल : मला का नाही सांगितलं त्यांनी?

आर्डिथ : तुला काय सांगणार? तुम्ही दोघं हवेवर बोलायचात. किती पाऊस झाला, थंडी कधी पडणार. झालं, उठला लोवेल, चालला घरी.

लोवेल : मी यायचो तरी. दर रविवारी यायचो.

आर्डिथ : यायचास. नाही म्हणत नाही.

ऑरिन : निघालो रे चक्करातून! आता सरळ?

लोवेल : सरळ. मग दगडी कमान दिसेल, तिथून आत.

आर्डिथ : कमान कसली?

लोवेल : वस्तीची. मेडोलार्क रिज.

आर्डिथ : मेडोलार्क! ती पाखरं उडवून लावली आणि नाव मात्र ठेवून घेतलं. शहाणी माणसं.

लोवेल : आई, सारखं टोचून बोलू नकोस ना. शाळा भरून ओसंडत होती. पाण्याची लाईन पुरत नव्हती. लोक येणारच होते, मी नाही आणले. मी हा रस्ता नसता केला तर दुसऱ्यानं केला असता.

आर्डिथ : मग दुसऱ्याला करू द्यायचा होतास.

लोवेल : असं बोललीस की मला काही सुचत नाही.

आर्डिथ : त्यालाही सुचलं नव्हतं. त्या सभेत. सगळं गाव बसलेलं, तू वर मधल्या खुर्चीत. तो कोट घालून मायक्रोफोनशी गेला. त्याला कुठे येतं बोलायला? आधी विहिरीचं सांगितलं, मग आजोबांनी दलदल कशी काढली ते. मुद्द्यावर येत होता बिचारा, तेवढ्यात ती तुमची घंटा वाजली.

लोवेल : सगळ्यांनाच तीन मिनिटं होती. बिल्डरलासुद्धा.

आर्डिथ : बिल्डर तुझा बाप नव्हता! 'महोदय, आपली वेळ संपली.' महोदय! स्वतःच्या बापाला. घरी आला तर कोट काढेना. कोटातच जेवला. मी म्हटलं, हारलन, काढ तो. म्हणाला, राहू दे.

लोवेल : नाव घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, बापाला झुकतं माप दिलं.

आर्डिथ : म्हणू द्यायचं होतं. आणि ऐक, तो रस्त्यावर चिडला नव्हता. रस्ता होणार हे त्याला तुझ्याआधी कळत होतं, मूर्ख नव्हता तो. पण शेतातून जाणार, हे त्याला तिथं कळलं, चारचौघांत, भिंतीवरच्या नकाशावर. तू स्वयंपाकघरात येऊन सांगायचं होतंस. मी कॉफी केली असती. तो ओरडला असता, दार आपटून कोठारात गेला असता, आणि संध्याकाळी परत आला असता. एवढंच व्हायचं होतं, लोवेल.

लोवेल : भ्यालो मी.

आर्डिथ : काय?

लोवेल : भ्यालो, आई. तीनदा आलो होतो सांगायला. अंगणात गाडीत बसायचो नि परत फिरायचो. आणि मग त्या खुर्चीत बसलो तेव्हा समोर बाबा नकोच होते मला. कुणीतरी महोदयच हवा होता.

आर्डिथ : हे त्याला सांगितलं असतंस तर!

लोवेल : आता काय उपयोग?

आर्डिथ : रडू नकोस. गाडी चालवतोयस. पूस डोळे.

ऑरिन : कमान आली, आत शिरलो. अरे बापरे, सगळी घरं सारखीच की! आता सांग लवकर, पुढे शाळेची बस आहे.

लोवेल : उजवीकडे. बार्न लेन. मग डावीकडे... नाही, थांबा. पुढचं डावीकडे.

आर्डिथ : आपलं घर कुठे होतं यात?

लोवेल : दाखवतो. टेकडीवर चढलं की.

आर्डिथ : कुठाय टेकडी?

लोवेल : येईल आता.

ऑरिन : लोवेल, इथं रस्ताच संपला. गोल अंगण आहे, भोवती गॅरेजं. शववाहिनी वळवायला मला पुढे-मागे करावं लागणार. बरोबर आलोय ना आपण?

लोवेल : थांबा एक मिनिट. पाण्याची टाकी तिकडे... म्हणजे जुना रस्ता या बाजूनं... 

आर्डिथ : तुला माहीत नाही.

लोवेल : नकाशावर माहीत होतं गं. प्लॉटचे नंबरसुद्धा पाठ होते. पण जमीन सपाट केली त्यांनी, टेकडी कापली. मी सही केली तेव्हा कागदावर नुसत्या रेघा होत्या. आई, मला ओळखू येत नाहीये. मी इथं जन्मलो, आणि मला ओळखू येत नाहीये!

आर्डिथ : मलाही नाही येत. मघापासून बघतेय. एखादं झाड तरी दिसेल म्हणून.

लोवेल : दोन गल्ल्या मागे असेल. किंवा त्या तळ्यापाशी. मी ऑफिसात फोन करून विचारू का? तिथं कुणीतरी जुना नकाशा काढून...

आर्डिथ : नको. कुणाला विचारायचं नाही.

ऑरिन : आर्डिथ, एक बाई आलीय दारात, बाळाला कडेवर घेऊन. घाबरलीय बिचारी. विचारतेय, कोण गेलं?

आर्डिथ : मग काय म्हणालास?

ऑरिन : म्हटलं, इथलेच होते. तर म्हणाली, इथं तर आम्ही सगळे नवीनच आहोत. मी म्हटलं, हो, ते तुमच्या आधी राहायचे. मग 'माफ करा' म्हणाली, कशाबद्दल कोण जाणे. उभी आहे अजून. बाळाची टोपी काढलीय तिनं.

आर्डिथ : थंडी लागेल त्याला. सांग घालायला.

ऑरिन : सांगतो. वळवू का गाडी?

आर्डिथ : नको. इंजिन बंद कर. लोवेल, तूही कर.

लोवेल : पण आई, ही आपली जागा नसेलही.

आर्डिथ : नसू दे. दमला असेल तो. किती हिंडवायचं त्याला? ऑरिन, तुझा फोन त्याच्याकडे कर.

ऑरिन : केला. शवपेटीवर हात लांबवून धरलाय. बोल, आर्डिथ.

आर्डिथ : मी नाही. लोवेल, तू सांग.

लोवेल : मी काय सांगू?

आर्डिथ : तो कशाची वाट बघतोय ते तुला ठाऊक आहे. सांग.

लोवेल : बाबा... मी लोवेल. बाबा, घर आलं.