अण्णांच्या भेटीपुढची खूण

वहिनी, अक्का, अध्यक्ष साहेब, आणि या छोट्या हॉलमध्ये दाटीवाटीनं बसलेले तुम्ही सगळे.

इतकी माणसं आली आहेत. बाहेर पायऱ्यांवरही उभी आहेत. देवनहळ्ळीहून दोन बस बदलून आलेलं कुटुंब मला इथून दिसतंय. एवढी माणसं बघून खरं तर मन भरून यायला हवं. मला मात्र लाज वाटतेय. ती का वाटतेय, ते सांगायलाच मी उभी आहे. शब्द अडखळले तर सांभाळून घ्या.

रामराव अण्णांना मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ओळखते. आम्ही एकाच गल्लीतले. आमच्या दोन्ही घरांच्या कितीतरी पिढ्या इथेच गेल्या. कोणी विचारलं, "तुम्ही पुण्याचे का?" तर अण्णा म्हणायचे, "इल्ला हो, आम्ही बेंगळूरचेच. पुण्याला एकदा गेलो होतो, परत आलो."

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. घरात मराठी बोलायचे, पण लिहिता येत नव्हतं. अण्णा तेव्हा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसवून मला गिरवायला लावायचे. "मालू, या क चं पोट बघ. किती हवा भरलीस! फुटेल की गं तो." मी हसायचे, आणि पुन्हा गिरवायचे. आज मी आपल्या मराठी मंडळाची चिटणीस आहे, मंडळाचं सगळं मराठी मी लिहिते, ते अण्णांमुळे. हे लक्षात ठेवा. पुढचं ऐकताना लक्षात ठेवा.

मागच्या वर्षी आपला मिलिंद मंडळासाठी कंप्युटर घेऊन आला. मिलिंद पुण्याहून आलेला, इंदिरानगरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. ऑफिसात नवे आले, म्हणून एक जुना त्यांनी आपल्याला दिला. त्यात त्यानं कामं सांभाळायचा प्रोग्राम घातला. पहिल्या दिवशी पडद्यावर पट्ट्या, बाण, तारखा! मी म्हटलं, "मिलिंद, आपल्याला धरण बांधायचंय का? फराळाचा मेळावा करायचाय." तो हसला. म्हणाला, "ओके ताई, तुमच्यासाठी सिंपल करतो." बाण गेले, पट्ट्या गेल्या. उरली नुसती यादी. काम, कोणी करायचं त्याचं नाव, आणि एक चौकोन. काम झालं की चौकोनात खूण. वर कोपऱ्यात दिसायचं, किती टक्के झालं.

मला ते फार आवडलं. खोटं कशाला बोलू? शाळेत सिस्टर वहीवर तारा काढायच्या ना, तसं वाटायचं. आकडा वर चढला की मी घरी जाऊन यांना सांगायचे, "आज आम्ही साठ टक्के झालो."

अण्णांना मात्र एक गोष्ट खटकली. लायब्ररी इकडे हलवत होतो तेव्हाची. कपाटांपुढे खूण होती. अण्णांनी प्रिंटचा कागद चष्म्याजवळ धरला.

"स्वल्प थांबा. कपाटं कुठे आहेत?"

"सुताराला सांगितलंय, अण्णा."

"मग सांगितलंय म्हणा. झालं कशाला म्हणता?"

मिलिंद म्हणाला, "अण्णा, यात 'सांगितलंय' असा चौकोन नसतो हो."

"मग रिकामा ठेव की रे. रिकाम्या चौकोनाला कोण हसतंय?"

आम्ही सगळे हसलो. अण्णाही हसले. दुसऱ्या दिवशी सुताराच्या दुकानात जाऊन कपाटांना हात लावून आले, आणि मग मला फोन केला, "हं, आता घाल तुझी खूण."

आम्ही काय शिकलो त्यातून? काहीच नाही. कारण आपली सवयच तशी आहे. मंडपवाल्याला सांगितलं, झालं. चिवड्याचं कळवलं, झालं. कोणाला तरी सांगितलं, की आपल्यापुरतं ते झालं. आणि आपली कामं अशीच होतही आली इतकी वर्षं, कारण मागून अण्णा बघून यायचे.

मग अण्णाच आजारी पडले.

मेळावा जवळ आला होता. मी यादी उघडली आणि स्वतःच्या हातानं एक ओळ घातली. "अण्णांना दवाखान्यात भेटणे." नावाच्या जागी काय लिहू? एकाचं लिहिलं तर बाकीचे रागावतील. मी लिहिलं, "सर्व."

सर्व! मला केवढं बरं वाटलं ते लिहिताना.

दोन दिवसांनी एकांचा फोन आला. नाव घेत नाही, ते इथेच बसले आहेत आणि त्यांची मान खाली आहे. म्हणाले, "ताई, अण्णांचं मी बोललोय, जे. पी. नगरची मंडळी जाऊन येताहेत." मी म्हटलं, "सरी, ठीक आहे." आणि खूण केली.

त्या प्रोग्रामची एक सोय आहे. झालेली कामं तो लपवतो. उरलेलीच दाखवतो, म्हणजे डोळ्यांपुढे पसारा नको. पुढच्या बैठकीत कागद छापला, त्यात खुर्च्या होत्या, माईक होता, पणत्या होत्या. अण्णा नव्हते. त्याच्या पुढच्या बैठकीतही नव्हते. आम्ही तोच कागद मध्ये ठेवून तासभर बोललो. पणत्या मातीच्या की मेणाच्या, यावर वाद घातला. अण्णांचं नाव कोणी काढलं नाही. जे. पी. नगरच्यांना वाटलं, इंदिरानगरचे गेले असतील. इंदिरानगरच्यांना वाटलं, मालतीताई तर रोजच जात असतील, घरचंच नातं आहे. आणि मी? मी त्यांना गल्लीपासून ओळखते. मला कुठल्या यादीची गरज होती?

दवाखाना या हॉलपासून रिक्षानं दहा मिनिटांवर आहे.

मेळावा छान झाला. सगळ्या खुणा झाल्या. शंभर टक्के. मिलिंदनं टाळी दिली. त्याच आठवड्यात अण्णा गेले.

मी अण्णांच्या घरी गेले. वहिनींनी मला पाणी दिलं. मग सहज सांगावं तसं म्हणाल्या, "रोज संध्याकाळी दाढी करून घ्यायचे. म्हणायचे, मंडळाचे लोक येतील, अवतार बरा दिसत नाही." अक्का, अण्णांच्या बहीण, दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या कंप्युटरला भेटायला जायचं असतं वाटतं आधी." अक्का, तुम्ही ते रागानं बोललात. मला त्याचा आधार वाटला. वहिनींनी दिलेलं पाणी मात्र मी तसंच खाली ठेवलं.

मिलिंद, वर बघ. तू रात्री मला फोन करून म्हणालास, "ताई, तो प्रोग्रामच काढून टाकतो." काढू नकोस, बाळा. त्यानं आपण सांगितलं तेच दाखवलं. काल मी त्या ओळीची खूण पुसली. ओळ परत दिसायला लागली. शंभराचा आकडा खाली आला. तो मेळावा आता कधीच पुरा होणार नाही, आणि होऊ नये.

आता शेवटचं. अध्यक्ष साहेबांनी मला हा ठराव वाचायला दिलाय. यात एक वाक्य आहे. "त्यांच्या आजारपणात मंडळ सदैव त्यांच्या पाठीशी उभे होते."

नाही, थांबा, मला बोलू द्या. ठाऊक आहे, असं लिहायची पद्धत आहे. शोकसभेत कोणी खरंखोटं बघत नाही. पण हे मराठी मला अण्णांनी शिकवलंय. त्या अक्षरांनी मी हे वाक्य त्यांच्या फोटोसमोर वाचू शकत नाही. मी ते खोडलंय. त्या जागी मी माझ्या हातानं लिहिलंय, "त्यांच्या आजारपणात आम्ही गेलो नाही." खाली चिटणीस म्हणून माझी सही आहे. कोणाला त्याखाली सही करायची असेल तर करा. नसेल तर माझी एकटीची राहू द्या.

शाळेत आम्ही 'सॉरी' दिवसातून वीसदा म्हणायचो, धक्का लागला तरी. आज ते चालणार नाही. वहिनी, माझं चुकलं. माफ करा असं मी म्हणत नाही. तुम्ही त्याला उत्तरही देऊ नका. उत्तराचं ओझं तुमच्यावर नको.

आता आपण अण्णांसाठी उभे राहू या. दोन मिनिटं म्हणायची रीत आहे. आज मी घड्याळ बघणार नाही, आणि पुरे असंही मी म्हणणार नाही. वहिनी आपल्यात उभ्या आहेत. त्या बसतील, तेव्हा आपण बसू.