कण्हायला एकच माणूस

रक्ततपासणीच्या रिपोर्टसाठी थांबलेल्या शिंपीणबाईंनी शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे कान लावले.

“तान्ह्या नातीच्या घरी साथ शिरलीय, तिला बघायला मी एकटाच जाणार. साथीचा ताप मला होऊन गेलाय, आता लगेच परत धरायचा नाही. तुला झालाच नाही.”

“बरं.”

“रुसलीस?”

“रिपोर्ट तर येऊ द्या.”

खिडकीतली मुलगी म्हणाली, “आजोबा, दोघांच्याही रक्तात अँटीबॉडीज आहेत. आजींनाही होऊन गेलाय.”

“छे! ही तर माझ्या उशाशी बसून होती. हिला कुठे ताप आला?”

“आला होता.”

“मग बोलली का नाहीस?”

“कण्हायला तुम्ही होतात की! मीही कण्हत पडले असते, तर तुमच्या तोंडाला पाणी कुणी लावलं असतं?”

म्हातारा पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसत राहिला.

“चल. नातीला आधी तू घे.”