वामनरावांचा डावा डोळा

मंडळी, ऐका. माणूस ओळखला असं कधी म्हणावं? नाव आठवलं म्हणजे? गाव आठवलं म्हणजे? मला मात्र विचारू नका – मी या परीक्षेत नापास झालेला माणूस आहे. कसा, ते सांगतो.

गेल्या माघात कोळेवाडीच्या डोंगरावर देवीपुढे माझं कीर्तन होतं. तिथे माकडं फार, आणि त्या माकडांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई, डॉक्टर नाडगौडा. जेवताना त्या सांगत होत्या, माकडाच्या मेंदूत ओळखीच्या चेहऱ्यांसाठी वेगळी जागा असते. धूसर चेहरा दाखवून हळूहळू स्पष्ट केला, की परक्याचा हळूहळूच कळतो. सोबत राहिलेल्याचा असला, तर बराच वेळ काही नाही – आणि मग एकदम दिवा लागतो.

मी म्हटलं, बाई, पाहिलेला चेहरा मी कधी विसरत नाही. हे बोलताना तोंडात पुरणपोळी होती, तरी आवाज दणदणीत!

कीर्तनाआधी लोक पाया पडायला आले. त्यांत एक म्हातारे – हाडं वर आलेली, डोक्यावर एकही केस नाही. मी हातावर केळं ठेवलं आणि विचारलं, कुठल्या गावचे, बाबा? त्यांनी केळ्याकडे पाहिलं. 'इथलाच,' म्हणाले, आणि खांबाशी जाऊन बसले.

कीर्तन रंगलं, म्हणजे मला तसं वाटलं. वरचा सूर लावला आणि घसरला. लोकांना कळलं नाही. लोक दयाळू असतात. पण खांबाशी बसलेल्या म्हाताऱ्यांचा डावा डोळा चटकन मिटला.

मंडळी, दिवा लागला! वामनराव गुरव. चौदा वर्षं माझ्याशेजारी मृदंग घेऊन बसले. मी बेसूर झालो की हा डोळा असाच मिटायचा. एकदा भर कीर्तनात मी घसरलो, आणि दोष दिला मृदंगाला. ते मुकाट्याने उठून गेले. सहा वर्षं झाली. मधे ते फार आजारी असल्याचं कानावर आलं होतं. जाऊ कधीतरी, म्हणत मी राहून गेलो.

कीर्तन तिथेच थांबवलं. खाली जाऊन पाय धरले. म्हटलं, "वामनराव, त्या दिवशी चूक माझी होती."

"ते मला तेव्हाच माहीत होतं," ते म्हणाले. "तुम्हाला कळायची वाट बघत होतो."

मग त्यांनी मृदंग मागून घेतला. हात थरथरत होते. ठेका मात्र जराही थरथरला नाही.

तर ओळख पटवायचं काम मेंदू करतो, माकडाचाही करतो. उठून जायचं काम पायांचं. मी बोलत असताना तुमच्याही डोळ्यांपुढे कुणीतरी आलंय. नाव मी विचारत नाही. त्यांच्या गावची एसटी सकाळी कितीला सुटते, तेवढं आज घरी जाताना विचारून घ्या.