मल्हारीचा जबडा

जयेंद्रगंजातल्या दातांच्या डॉक्टरांकडे मी बाहेर बसलो होतो. शेजारी फेटा बांधलेले एक म्हातारे होते. त्यांचा धाकटा भाऊ कवळीचं माप देऊन बाहेर आला.

"इतका वेळ कसला लागला रे, मल्हारी?"

"तोंडात मेणाच्या पट्ट्या घालून जबडा पुढं, मागं, बगलेला हलवायला लावला, दादा. म्हणे, प्रत्येकाची चाल निराळी असते."

"आणि तुझी?"

"डावीकडं सरकते. लहानपणी मार लागला होता का, म्हणून विचारलं."

"तू काय म्हणालास?"

"घोड्यावरून पडलो म्हटलं."

"मल्हारी, मी मारलं होतं तुला. माझा नवा फेटा न विचारता घातलास, एवढ्यासाठी."

"चाळीस वर्षं झाली, दादा."

"दुखायचं का?"

"पाच-सहा वर्षं दुखलं. मग एकाच बाजूनं चावायची सवय झाली."

"म्हणून भाकरी दुधात कुस्करायचास? आणि मी तुला सगळ्यांदेखत म्हातारा म्हणायचो."

"म्हणायचात."

"एकदा तरी सांगायचंस."

"तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

म्हातारे उठले आणि पडदा सारून आत गेले. मल्हारी मागोमाग धावला.

"डॉक्टरसाहेब, ह्याचा जबडा माझ्या हातानं गेलाय. गलती माझी. आता सरळ होईल का?"

"आता नाही होणार. दात त्याच्या चालीप्रमाणंच बसवू."

"काहीच नाही करता येणार?"

"दादा," मल्हारी म्हणाला, "राहू द्या आता. बसा आधी."